वैशाखात बर्फ का धरला नाही

सगुणा,

काल कुमुद आणि शरदचं पत्र आलं. तुझ्या तेराव्याच्या पत्रावळी अजून परसात पडून होत्या, तेव्हा पोस्टमन ते निळं हवाई पत्र घेऊन आला. अर्ध्या पानावर कुमुद, अर्ध्यावर शरद. लंडनच्या थंडीत बसून माझ्या नातवंडांना तुझ्या हातचा बर्फ आठवला. कैरीचं पन्हं वाटीत ओतून तू त्यात बांबूची काडी उभी करायचीस आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचीस, ते सगळं कुमुदने लिहिलं आहे. वाटी उलटी करून तिच्या बुडाला तू तळहात लावून ठेवायचीस, बर्फ आपोआप सुटेपर्यंत, हेही तिच्या लक्षात आहे.

शरदने शेवटी एक वाक्य लिहिलं आहे. "धाकट्या आजीच्या हातून एकदा आजोबांचं इन्सुलिन खराब झालं होतं, तरी आजोबा तिला कधी एक शब्द बोलले नाहीत, हे आम्हांला फार आवडतं."

धाकटी आजी म्हणजे तू, माझी धाकटी जाऊ. त्याने ते प्रेमाने लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचलं. ही गोष्ट त्याला कुठून कळली हे मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मीच ती त्याच्या वडिलांना कळवली होती, माझ्या स्वच्छ अक्षरात, समास सोडून. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे मला ते पत्र टाकल्यानंतर चार दिवसांत कळलं होतं. दुसरं पत्र मी पाठवलं नाही.

म्हणून आज लिहिते आहे. लिहिते आहे तुला, पण याची एक प्रत लंडनला जाईल. त्यामुळे तुला माहीत असलेल्या काही गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस.

मुलांनो, तुमच्या घरातला फ्रिज विजेवर चालतो. आपल्या गावात वीज नाही, आपला घासलेटवर चालतो. तळाशी टाकी, टाकीवर वात, वातीपासून पाठीमागून वर जाणारं धुराडं, आणि सगळ्यांत वर, दार उघडलं की कपाळाशी येणारा, बर्फाचा कप्पा. खाली आग लावायची आणि वर बर्फ धरायचा. स्वातंत्र्यानंतर जंगल खात्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून आम्ही तो घेतला, कारण तुमच्या आजोबांना मधुमेह निघाला होता आणि इन्सुलिनच्या बाटल्या थंड ठेवल्याशिवाय टिकत नाहीत. गोंदियाहून छोट्या गाडीने तो सौंदडला आला आणि तिथून तणसावर बसवून बैलगाडीने घरी. त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली. घरात इंग्रजी मला एकटीलाच नीट येत होतं, त्यामुळे फ्रिज माझ्या ताब्यात आला असं मी धरून चालले.

सगुणा, पहिल्याच दिवशी तू ते धरून चालू दिलं नाहीस. पुस्तिकेत लिहिलं होतं की यंत्र जमिनीवर अगदी समपातळीत उभं राहिलं पाहिजे, नाहीतर गारवा धरत नाही. मी दोरी आणि वजन घेऊन बसले होते. तू स्वयंपाकघरातून परात आणलीस, फ्रिजच्या डोक्यावर ठेवलीस, तिच्यात दोन तांबे पाणी ओतलंस आणि वाकून पाहिलंस.

"डाव्या अंगाले कलून राह्यला, बाई."

"मी मोजते आहे, थांब."

"मोजा. तोवर मी चिप आनतो."

तू तलाव बांधणाऱ्या घरातली. तुझ्या वडिलांनी डोळ्याने पाणी जोखून तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, बांधल्या, असं तू दर पावसाळ्यात एकदा तरी ऐकवायचीस. तू डाव्या पायाखाली लाकडाची चिप ठोकलीस, परातीतलं पाणी चारी कडांना सारखं लागलं, आणि ती चिप आजही तिथेच आहे. माझी दोरी कुठे गेली कोण जाणे.

मग कामाची वाटणी झाली. पुस्तिका आणि वही माझी, आग तुझी. मी रोज सकाळी सहाला वहीत लिहायची: ज्योत निळी की पिवळी, कप्प्यातला बर्फ किती बोटं, टाकीत घासलेट किती. तू दुपारी बाराला आणि चारला वात पाहायचीस. वात कात्रीने सरळ कापावी असं पुस्तिका म्हणायची. तू जळालेली कड फडक्याने चिमटीत धरून पुसून काढायचीस आणि म्हणायचीस, "कापली का शिंगं येतात, मंग धूर." दार घट्ट लागतं का हे पाहायला मी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. पट्टी सहज निघाली तर दाराचं रबर सैल. तू नुसता गाल दाराच्या फटीशी नेऊन सांगायचीस, कुठून गार हवा येते ते. दोघींचं उत्तर बहुतेक एकच यायचं, आणि त्याचा मला थोडा राग यायचा.

भांडणंही होती. कप्प्यावर बोटभर हिम साचलं की ते वितळवायचं, पण सुरीने खरवडायचं नाही, आतली नळी फुटते. गरम पाण्याचं भांडं आत ठेवायचं. तू पाण्याऐवजी भाताची गरम पेज ठेवायचीस. पेज जास्त वेळ गरम राहते म्हणून. मी म्हणायची, पेज सांडली तर फ्रिजला वास लागेल. तू म्हणायचीस, "सांडवते कोन?" हा वाद तू गेलीस तोवर मिटला नाही. आणि शिळा भात तू त्यात कधीच ठेवू दिला नाहीस. "शिळ्याले थंडं केलं म्हनून थो ताजा होते काय?" 

आता मुलांना न कळणारी एक गोष्ट. तुझे भासरे, म्हणजे माझे यजमान, या मुलांचे आजोबा. आपल्याकडे धाकट्या भावाची बायको नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर येत नाही. त्याच्याशी बोलत नाही, तो खोलीत असेल तर ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. तू या घरात आलीस तेव्हापासून हे असंच होतं आणि धाकटे भाऊजी गेल्यानंतर तू ते जास्तच कडक पाळलंस. भिंतीच्या अलीकडे तू, पलीकडे हे, दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येतं, आणि मध्ये मी तारमास्तर.

"बाई, विचारा, भाजी वाढू काय."

"सगुणा विचारते आहे, भाजी वाढू का."

"नको म्हणावं."

"नको म्हणतात."

"ऐकलं मी," असं तू मग हळूच म्हणायचीस, आणि हे पलीकडे हसायचे. बावीस वर्षं मी दोघांचे निरोप पोहोचवले. एकही चुकवला नाही, असा मला अभिमान होता.

सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात फ्रिजने बर्फ धरणं सोडलं.

पहिल्या दिवशी कप्प्यात नुसतं गार पाणी. दुसऱ्या दिवशी तेही कोमट. मी पुस्तिकेतला दोषांचा तक्ता काढला आणि एकेक ओळ तपासत गेले. पातळी: परातीने पाहिली, ठीक. दाराचं रबर: पट्टी घट्ट. भिंतीपासूनचं अंतर: वीतभर, ठीक. घासलेटमध्ये पाणी: नाही. ज्योत: सकाळी सहाला पाहिली, निळी. हे सगळं बरोबर असूनही गारवा येत नसेल तर, तक्त्यात लिहिलं होतं, दार वारंवार किंवा फार वेळ उघडं राहत असावं. आणि तोवर वात किंचित वाढवावी.

दार दिवसभर कोण उघडतं? तू. दूध तू ठेवायचीस, ताक तू काढायचीस. मी वहीत कारणाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. आणि वात वाढवली.

तू दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणालीस, "बाई, वात कायले वाढवली? धूर होऊन राह्यला."

"पुस्तकात तसं लिहिलंय."

"तुमच्या पुस्तकाले नाक आहे काय?"

मी सकाळीच ज्योत पाहत होते आणि सकाळी ती निळी असायची. दुपारी मी आतल्या खोलीत दार लावून पडायची. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन, खिडक्या बंद. त्यामुळे दुपारी माजघरात, फ्रिजपाशी, काय चालतं ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

पाचव्या दिवशी इन्सुलिनच्या बाटलीत कडेला गुठळ्या दिसल्या. दोन्ही बाटल्या गेल्या. यांना तहान लागायची, पाणी पिऊन भागायची नाही, जिना चढताना हात भिंतीला लागायचा. गोंदियाला माणूस पाठवला. तिथे बाटली नव्हती, नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, "आजपासून फ्रिजला हात लावायचा नाही." धुणी धुणारी बाई तिथे होती, दूधवाला दारात होता. तू परातीत तांदूळ निवडत होतीस. तू वर पाहिलं नाहीस. "बरं," एवढंच म्हणालीस. त्याच संध्याकाळी मी तेव्हा मुंबईत असलेल्या शरदच्या वडिलांना पत्र लिहिलं आणि झालेला सगळा प्रकार क्रमाने कळवला. म्हणजे मला दिसलेला क्रम.

चार दिवस आग मी सांभाळली. ज्योत पिवळी झाली तर मी वात आणखी वाढवली, कारण गारवा कमी होता. मुलांनो, ही चूक कधी करू नका. पिवळी ज्योत म्हणजे जास्त आग नव्हे, घाण आग. काजळी धुराड्यात साचत जाते, धुराडं ओढ धरत नाही, आणि जितकी वात वाढवाल तितका फ्रिज गरम होतो. हे पुस्तिकेत होतं, पण पुढच्या पानावर.

चौथ्या दिवशी दुपारी तार आली की उद्या संध्याकाळच्या गाडीने नवीन बाटल्या येत आहेत, बर्फाच्या थर्मासमधून. मी ती तार मोठ्याने वाचली. हे ऐकत होते, आणि तू स्वयंपाकघरात ऐकत होतीस. फ्रिज असाच राहिला तर या बाटल्याही चार दिवसांत जाणार, हे मी म्हटलं नाही. तुला ते कळलं.

त्यानंतर तासाभराने मी आतल्या खोलीत पडले होते. मला तुझा आवाज ऐकू आला. आवाज माझ्यासाठी नव्हता, कारण माझ्याशी बोलताना तू आधी 'बाई' म्हणायचीस.

"दार लावा. आन खुर्ची बाहेर घ्या."

मी दार उघडून बाहेर आले. फ्रिजचं दार सताड उघडं होतं. त्याच्यासमोर यांची आरामखुर्ची. उघड्या अंगावर ओला गमछा, आणि दोन्ही पाय फ्रिजच्या खालच्या फळीवर टेकवलेले. गेल्या नऊ दिवसांचं उत्तर त्या एका दृश्यात होतं. रोज दुपारी मी झोपले की हे दार उघडून गारव्यात बसायचे आणि बसल्या बसल्या डुलकी लागायची. हे तिथे बसलेले म्हणून तुला बाराला आणि चारला वातीपाशी येता येत नव्हतं.

तू खोलीच्या मधोमध उभी होतीस. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, तोंड भिंतीकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा तू त्या खोलीत त्यांच्यासमोर होतीस. भिंतीकडे बघून पुन्हा म्हणालीस, "उद्या औषध येऊन राह्यलं. पेटीले आज साफ कराव लागते."

हे उठले. ज्यांनी आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या कामावर शेकडो माणसं हाकली, त्यांनी स्वतः खुर्ची उचलली, आणि ओसरीवर नेऊन ठेवली. 

मग तू पदर खोचलास. ज्योत विझवलीस, टाकी बाहेर ओढलीस, धुराडं निवेपर्यंत बसून राहिलीस. घाई केली नाहीस. धुराड्यात लोंबणारी पिळाची पत्र्याची पट्टी तू तारेने वर काढलीस तेव्हा घमेलंभर काजळी खाली आली. बांबूला चिंधी बांधून तू धुराडं तीनदा पुसलंस. वात चिमटीत धरून सारखी केलीस. बर्फाच्या कप्प्यात पेजेचं भांडं ठेवलंस आणि मी या वेळी वासाबद्दल काही बोलले नाही. शेवटी वात पेटवून तू ती इतकी खाली उतरवलीस की मला वाटलं विझेल. दहा मिनिटांनी ती कडेकडेने निळी झाली.

"उद्या सकाळवरी कोनी हात लावाचा नाई," तू म्हणालीस. हे मला होतं. मी हो म्हटलं.

सकाळी सहाला मी वही घेऊन गेले. वरच्या कप्प्यात वाटीतलं पाणी दगड झालं होतं. संध्याकाळी बाटल्या आल्या आणि वाचल्या. हे आज हिंडतात फिरतात, त्यात डॉक्टरांचा जेवढा हात आहे तेवढाच तुझाही.

मी त्या दिवशी तुला विचारलं होतं, तेही जरा दरडावूनच, की मला आधी का नाही सांगितलंस.

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याची चुगली तुमच्याजवर करू? आन भासऱ्याकडे तू पाह्यलंसच कायले, म्हनाल ना."

खरं सांगते, म्हटलं असतं.

आता जे तुला माहीत नाही ते. त्याच संध्याकाळी, बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्यावर, हे मला म्हणाले, "दार मी उघडत होतो. दोष तिच्यावर गेला. चूक माझी झाली आणि मला तिची माफी मागायची आहे. सांग तिला." मी म्हटलं, सांगते.

मी सांगितलं नाही.

त्यांची माफी तुझ्यापर्यंत पोहोचवायची तर तिच्यामागून माझीही पोहोचवावी लागली असती. दूधवाल्यासमोर तुला बोलले ते, वहीतलं तुझं नाव, मुंबईचं पत्र, हे सगळं. उद्या सांगू, म्हटलं. मग आठवडा झाला. मग ते सांगणंच विचित्र वाटायला लागलं. बावीस वर्षांचे सगळे निरोप मी पोहोचवले आणि हा एक माझ्यापाशी राहिला. हे समजत होते की तुला कळलं आहे. तू समजत होतीस की त्यांना काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा पूर्वीसारखी झालीस. पुन्हा भिंत, पुन्हा 'बाई, विचारा'. त्यांच्याशी तू परत कधी बोलली नाहीस. फक्त दोन गोष्टी बदलल्या. बाराला आणि चारला हे आपणहून उठायचे, एकदा खाकरायचे, आणि अंगणात आंब्याखाली जाऊन उभे राहायचे, तुला वातीपाशी येता यावं म्हणून. उन्हात, पावसात, सहा वर्षं. आणि तू फ्रिजचं दार उघडण्याआधी मला विचारायला लागलीस.

"बाई, उघडू काय?"

दर वेळी. ताकाच्या भांड्यासाठीसुद्धा. मी म्हणायची, "उघड." एकदाही म्हटलं नाही की विचारू नकोस, तुझाच आहे. तू टोमणा मारत होतीस की खरोखर विचारत होतीस, हे मी तुझ्या तोंडाकडे बघून कितीदा ओळखायचा प्रयत्न केला. तुझा चेहरा काही सांगत नसे. त्याचं उत्तर तू बरोबर नेलंस आणि मला वाटतं ते ठीकच केलंस.

काल पत्र वाचून झाल्यावर मी यांना विचारलं नाही, सांगितलं. सहा वर्षं निरोप माझ्याकडे पडून आहे, असं सांगितलं.  ते म्हणाले, "ती मग सहा वर्षं काय समजत असेल?" हा प्रश्न मला होता आणि मी तो ऐकून घेतला.

म्हणून आता, सगुणा, निरोप ऐक. त्यांनी सांगितलं आहे की दार ते उघडत होते, चूक त्यांची झाली, आणि ते तुझी माफी मागतात. आणि मी सांगते की कारणाच्या रकान्यातलं तुझं नाव मी आज शाईने खोडलं. खाली लिहिलं: दोष, दुपारी बर्फ धरत नाही. कारण, घरातली माणसं. उपाय, सगुणाने सांगितलं ते पहिल्या दिवशी ऐकणे. शरद, कुमुद, तुमच्या बाबांनाही हे वाचून दाखवा. तुमच्या धाकट्या आजीच्या हातून इन्सुलिन खराब झालं नाही. वाचलं.

शरदने आणखी विचारलं आहे की आता फ्रिज कोण सांभाळणार. मी सांभाळणार. माझे हात स्थिर आहेत. वात मी फडक्याने पुसते, कात्री टाकून दिली. हिम वितळवायला पेज ठेवते. परात महिन्यातून एकदा वर चढते आणि तुझी चिप हललेली नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. चार वाजले. बोलता बोलता हे उठले, एकदा खाकरले, आणि अंगणात आंब्याखाली जाऊन उभे राहिले. पाहुण्यांना वाटलं, त्यांना रडू आलं असेल. मी माजघरात गेले. तिथे कोणी नव्हतं. मी खाली बसून ज्योत पाहिली, कडेला थोडी पिवळी होती, ती उतरवली. मग बर्फ पाहायला उठले, दाराच्या मुठीला हात लावला, आणि तसाच ठेवला.

"सगुणा, उघडू काय?" मी विचारलं.

थोडा वेळ थांबले. मग उघडलं. बर्फ धरला होता.